‘फक्त सेटिंगच तर बदललंय’ : वेब सर्व्हिसच्या कॉन्फिगबद्दल वाचकांचे प्रश्न

या वेळच्या पत्रांमधे कोड अडलाय म्हणून लिहिणारे कमी आणि सेटिंगमुळे अडकलेले जास्त आहेत. पासवर्ड कुठे ठेवू, सर्व्हर वाढवले तर डेटाबेस का बसला, फॉल्स लिहूनही ट्रू का होतंय, असलं सगळं. म्हणून हा अंक पूर्ण कॉन्फिगलाच, म्हणजे सर्व्हिसच्या सेटिंगलाच दिलाय. खरं सांगायचं तर या विषयाकडे आपल्याकडे फार कमी लक्ष दिलं जातं, कॉलेजात शिकवत नाहीत, इंटरव्ह्यूत विचारत नाहीत, आणि रात्री दोनला फोन येतो तो बहुतेक वेळा याच्याचसाठी.

ताई, आमची स्प्रिंग बूट या जावा फ्रेमवर्कमधली सर्व्हिस आहे. डेटाबेसचा पासवर्ड, पेमेंट गेटवेची की, एसएमएसवाल्यांची की, सगळं ॲप्लिकेशन डॉट वायएमएल फाइलमधेच आहे आणि ती फाइल गिटमधे आहे. रेपो प्रायव्हेट आहे म्हणून सीनियर म्हणतात काय होतंय. मागच्या महिन्यात टीममधला एक जण सोडून गेला तेव्हापासून मला धाकधूक वाटतेय. कुठून सुरुवात करू?
— एक डेव्हलपर, पुणे

धाकधूक वाटतेय ती बरोबरच आहे. सुरुवात कीज बदलण्यापासून करा, फाइल साफ करणं नंतर. बरेच जण उलटं करतात, पासवर्ड काढून नवीन कमिट टाकतात आणि झालं म्हणतात, पण गिटमधे जुनी प्रत्येक कमिट तशीच असते, ज्याच्याकडे रेपोची कॉपी आहे त्याच्याकडे तो पासवर्ड आहेच, सोडून गेलेल्याच्या लॅपटॉपवर असेल, जुन्या बिल्ड सर्व्हरवर असेल. हिस्टरी पुसायची टूल्स आहेत पण पुसून झाल्यावरही तो पासवर्ड फुटलेलाच धरायचा.

‘प्रायव्हेट आहे’ याचं उत्तर म्हणून सीनियरना उबरची गोष्ट सांगा. २०१६ मधे हल्लेखोर उबरच्या प्रायव्हेट रेपोतच शिरले, तिथे त्यांना ॲमेझॉन क्लाउडची की सापडली आणि त्या एका कीवरून जगभरातल्या ५ कोटी ७० लाख प्रवासी आणि ड्रायव्हरांची माहिती बाहेर गेली. रेपो प्रायव्हेट असणं म्हणजे तुमच्या टीममधल्या सगळ्यात ढिल्या पासवर्डाइतकंच ते सुरक्षित असणं.

आता चालू सर्व्हिस न पाडता पासवर्ड कसा बदलायचा ते. आहे त्याच डेटाबेस युजरचा पासवर्ड बदलू नका, दुसरा युजर तयार करा, त्याला तेवढेच हक्क द्या, नवीन नाव-पासवर्ड सर्व्हरवर ठेवा, सर्व्हिस एकेक करून रीस्टार्ट करा, आणि मग पोस्टग्रेस असेल तर पीजी स्टॅट ॲक्टिव्हिटी या व्ह्यूमधे बघा जुन्या युजरने अजून कोण जोडलेलं आहे का. हमखास कोणीतरी सापडतं, एखादी रिपोर्टची स्क्रिप्ट, कोणीतरी कधीतरी लावलेला क्रॉन जॉब. ते सगळं नवीन युजरवर आलं आणि एक-दोन दिवस जुन्याने कोणी फिरकलं नाही की मग त्याचं लॉगिन बंद करा. लगेच ड्रॉप नको, टेबलांची मालकी त्याच्याच नावावर असते बऱ्याचदा, ती आधी हलवावी लागते. पेमेंट गेटवेच्या कीचंही तेच, नवीन काढा, लावा, चाललं बघा, जुनी बंद करा.

मग प्रश्न येतो की कॉन्फिग म्हणजे नेमकं काय काय बाहेर काढायचं. हेरोकूच्या लोकांनी २०११ च्या सुमाराला ‘ट्वेल्व्ह-फॅक्टर ॲप’ नावाची तत्त्वं लिहिली त्यात याची फार चांगली परीक्षा दिलीये, की तुमचा कोड या क्षणी जसाच्या तसा जगाला उघडा केला तर एखादी की बाहेर पडेल का? पडणार असेल तर कॉन्फिग अजून कोडमधे अडकलेलं आहे. आणि दुसरी खूण, जे लोकल, टेस्ट आणि प्रॉडक्शनला वेगवेगळं असतं ते कॉन्फिग. जे तिन्हीकडे सारखंच राहणार ते उगाच बाहेर काढू नका, मी अशा सर्व्हिस बघितल्यात की तीनशे सेटिंग आहेत आणि त्यातली अडीचशे कोणी कधी बदललेलीच नाहीत, मग बदलणाऱ्यालाही कळत नाही कुठल्याला हात लावायचा.

स्प्रिंग बूटमधे हे सोपं आहे कारण फाइलपेक्षा एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबलचं (म्हणजे सर्व्हरकडून प्रोग्रॅमला मिळणाऱ्या व्हॅल्यूचं) वजन जास्त आणि त्याहून कमांड लाइनवर दिलेल्याचं जास्त. म्हणजे वायएमएल फाइल गिटमधे राहू द्या, फक्त लोकलच्या बिनमहत्त्वाच्या व्हॅल्यू ठेवून, आणि सर्व्हरवर तेच नाव कॅपिटलमधे, टिंबाच्या जागी अंडरस्कोर घालून व्हेरिएबल म्हणून द्या, स्प्रिंग आपोआप उचलतं. तुमच्यासारख्या छोट्या टीमला एका लिनक्स सर्व्हरवर सिस्टमडीची (लिनक्सवर सर्व्हिस सुरू करणाऱ्या प्रोग्रॅमची) एन्व्हायर्नमेंट फाइल पुरते, मालक रूट, परवानगी सहाशे म्हणजे फक्त मालकालाच वाचता-लिहिता येईल अशी, कारण ती सिस्टमडी स्वतः वाचतं, तुमच्या ॲपच्या युजरला ती उघडायचा हक्क लागतच नाही. पासवर्ड सांभाळणारं व्हॉल्ट किंवा क्लाउडवाल्यांचं सीक्रेट मॅनेजर चांगलंच आहे, पण ते सांभाळायलाही माणूस लागतो, आधी गिटमधून बाहेर तर या.

एक मात्र लक्षात असू द्या, एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल म्हणजे तिजोरी नाही. त्याच युजरने चालणारी दुसरी प्रोसेस ते वाचू शकते, ॲपने सुरू केलेल्या प्रत्येक पोटप्रोसेसला ते वारशात जातं, आणि काही एरर रिपोर्टिंगवाली टूल्स क्रॅश झाल्यावर अख्खं एन्व्हायर्नमेंट लॉगमधे ओततात. डॉकर इमेज बनवताना डॉकरफाइलमधेच पासवर्ड लिहिला तर तो इमेजमधे कायमचा बसतो, हिस्टरी बघणाऱ्या कोणालाही दिसतो, ते अजिबात करू नका. आणि स्प्रिंगचा ॲक्ट्युएटर, म्हणजे सर्व्हिसची आतली माहिती दाखवणारा भाग, चालू असेल तर त्याचं एन्व्ह पान बाहेरून उघडतंय का तेवढं आजच बघा, स्प्रिंग बूटच्या तिसऱ्या व्हर्जनपासून ते व्हॅल्यू झाकून दाखवतं पण तुम्ही जुन्यावर असाल तर भरवसा ठेवू नका.

आम्ही कुबरनेटिसवर जावा सर्व्हिसचे नऊ पॉड, म्हणजे नऊ चालू प्रती चालवतो, पोस्टग्रेस डेटाबेस मागे. दिवसभर काही त्रास नाही, पण नवीन व्हर्जन डिप्लॉय केलं की दोन-चार मिनिटं डेटाबेस कनेक्शन नाकारतो. कॉन्फिगला कोणी हात लावलेला नाही. लोड तर रात्री काहीच नसतो, मग असं का?
— सिस्टम ॲडमिन, नागपूर

कोणी हात लावला नाही हीच अडचण आहे, सगळं डीफॉल्टवर चाललंय आणि डीफॉल्ट एकमेकांशी बोलून ठरवलेले नसतात. तुम्ही जावा वापरताय असं पत्रात आहे म्हणजे बहुतेक हिकारी पूल असणार, म्हणजे डेटाबेसची कनेक्शन उघडून तयार ठेवणारी लायब्ररी, त्याचा डीफॉल्ट दहा कनेक्शनचा. आणि हिकारी डीफॉल्टला दहाच्या दहा उघडून ठेवतो, लोड असो नसो, म्हणून रात्रीच्या शांततेचा इथे उपयोग नाही. पोस्टग्रेसची डीफॉल्ट मर्यादा शंभर, त्यातली तीन सुपरयुजरसाठी राखीव, उरली सत्त्याण्णव. नऊ पॉड म्हणजे नव्वद. दिवसभर काठावर चाललंय.

आता डिप्लॉय. रोलिंग अपडेटमधे कुबरनेटिस जुने काढायच्या आधी काही नवीन पॉड जादा उभे करतो, डीफॉल्टला पंचवीस टक्के, आणि तो आकडा वरच्या बाजूला राउंड होतो. नऊचे पंचवीस टक्के सव्वादोन, म्हणजे तीन. नऊ अधिक तीन बारा पॉड, एकशेवीस कनेक्शन. शिवाय बंद होत असलेला जुना पॉड आपली कनेक्शन सोडेपर्यंत धरून बसतो ते वेगळंच.

उपाय म्हणून लगेच पोस्टग्रेसची मर्यादा पाचशे करून टाकू नका, तिथे प्रत्येक कनेक्शनला वेगळी प्रोसेस असते, मेमरी खाते. आधी पूल लहान करा. दहा कनेक्शन खरंच लागतात का ते हिकारीच्या मेट्रिक्समधे दिसतं, माझ्या बघण्यात तर बऱ्याच सर्व्हिसना पाचसुद्धा पुरतात. सात केलं तरी बारा साते चौऱ्याऐंशी, बसतंय. पॉड याहून वाढणार असतील तर मधे पीजीबाउन्सर बसवा, तो थोडीच कनेक्शन सगळ्यांमधे वाटून देतो.

आणि जिथे हा पूलचा आकडा लिहिताय तिथेच वरती कॉमेंटमधे हे गणित लिहून ठेवा, जास्तीत जास्त पॉड गुणिले पूल हे सत्त्याण्णवच्या आत. उद्या कोणीतरी पॉड वीस करेल त्याला ते दिसलं पाहिजे. कॉन्फिगमधला आकडा एकटा वाचून काही कळत नाही, तो कशाशी बांधलाय ते शेजारीच लिहिलेलं हवं.

पायथॉनमधली सर्व्हिस आहे. एन्व्हमधे डीबग इक्वल टू फॉल्स स्पष्ट लिहिलंय तरी डीबग चालूच राहतं. वेड लागायची पाळी आलीये.
— वाचक, सांगली

एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल नेहमी स्ट्रिंग असतं. ‘फॉल्स’ ही पाच अक्षरांची स्ट्रिंग रिकामी नाही म्हणून पायथॉनचं बूल तिला ट्रू म्हणतं. जावास्क्रिप्टही तेच करतं. स्ट्रिंग तुलना करून बदला, आणि हे काम पायडँटिक सेटिंग्जसारख्या लायब्ररीवर सोपवलं तर आणखी उत्तम. पण घाई करा, जँगोचं डीबग पान प्रॉडक्शनला चालू असेल तर ते सेटिंग्जही दाखवतं, नावात की, पास, सीक्रेट, टोकन असलं काही असेल तर झाकतं पण डेटाबेस यूआरएल अशा नावाच्या सेटिंगमधे पासवर्ड घुसवलेला असेल तर तो नावावरून ओळखू येत नाही, उघडा पडतो.

वायएमएलमधेही असेच खड्डे आहेत. जुन्या १.१ व्हर्जनप्रमाणे वाचणाऱ्या लायब्ररीला नुसतं ‘नो’ लिहिलं की ते फॉल्स होतं, नॉर्वेचा देशाचा कोड नेमका तोच आहे म्हणून याला नॉर्वे प्रॉब्लेमच म्हणतात. व्हर्जन १.१० लिहिलं तर १.१ होऊन येतं. शंका आली की कोट्समधे घाला.

माझं याबद्दल ठाम मत आहे की कॉन्फिग कोडभर जिथे लागेल तिथे वाचायचं नाही. सर्व्हिस सुरू होताना एकदाच सगळं वाचा, टाइप तपासा, रेंज तपासा, हवी ती की नसेल तर कुठली नाही ते नाव घेऊन सर्व्हिस तिथेच बंद पडू द्या. स्प्रिंगमधे कॉन्फिगरेशन प्रॉपर्टीजवर व्हॅलिडेटेड लावलं की हे मिळतं. सुरू होताना पडलेली सर्व्हिस डिप्लॉय करणाऱ्याला समोर दिसते, तो तिथेच असतो. तीच चूक पहिला रिफंड आल्यावर तीन दिवसांनी बाहेर आली तर शोधणारा कोणी वेगळाच असतो आणि त्याला काही माहीत नसतं.

कुबरनेटिसचा कॉन्फिगमॅप (सेटिंग ठेवायची जागा) बदलला, अप्लाय केला, पण ॲप जुनीच व्हॅल्यू वापरतंय.
— वाचक, छत्रपती संभाजीनगर

व्हेरिएबल म्हणून दिला असेल तर चालू पॉडमधे तो कधीच बदलत नाही, पॉड नवीन लागतो. फाइल म्हणून माउंट केला असेल तर थोड्या वेळाने बदलतो, पण सबपाथने त्यातली एकच फाइल जोडली असेल तर नाही, आणि फाइल बदलली तरी ॲपने ती परत वाचली पाहिजे. मी तरी चालू पॉडमधे बदलण्याच्या फंदात पडत नाही, प्रत्येक बदलाला नवीन नावाचा कॉन्फिगमॅप आणि नवीन रोलआउट, ‘कस्टमाइझ’ हे टूल कॉन्फिगमॅपच्या नावाला हॅश जोडून हे आपोआप करतं. मागे जायचं तरी सोपं पडतं. आणि कुबरनेटिसमधे सीक्रेट म्हणून ठेवलंय म्हणजे एन्क्रिप्ट झालं असं समजू नका, ते नुसतं बेस-चौसष्ट आहे, कोणीही उलटं करू शकतो.

आमच्याकडे कोडला रिव्ह्यू, टेस्टिंग सगळं आहे. पण कॉन्फिग बदल थेट प्रॉडक्शनवर कन्सोलमधून होतात. मॅनेजर म्हणतात ‘तो काय डिप्लॉय नाही, सेटिंगच तर आहे’. त्यांना कसं पटवू?
— टीम लीड, ठाणे

दोन घटना सांगा, दोन्हींची अधिकृत कागदपत्रं उघड आहेत.

पहिली नाइट कॅपिटलची, अमेरिकेतली शेअर ट्रेडिंग फर्म. १ ऑगस्ट २०१२ ला न्यूयॉर्क शेअर बाजारात नवीन सोय सुरू होणार होती म्हणून त्यांनी नवीन कोड टाकला, आणि तो चालू करायला एक जुना फ्लॅग, म्हणजे चालू-बंद करायचं सेटिंग, परत वापरला. तो फ्लॅग पूर्वी ‘पॉवर पेग’ नावाचं एक फंक्शन चालू करायचा, जे २००३ पासून कोणी वापरत नव्हतं पण काढलंही नव्हतं. आठ सर्व्हरपैकी एकावर नवीन कोड पोचलाच नाही. फ्लॅग चालू झाला तेव्हा सात सर्व्हरवर नवीन सोय चालू झाली आणि आठव्यावर ते जुनं भूत, ऑर्डरवर ऑर्डर मारत सुटलं. ४५ मिनिटांत ४६ कोटी डॉलरच्या वर नुकसान. घाबरून त्यांनी उरलेल्या सातवरचा नवीन कोड काढला, फ्लॅग मात्र चालूच, म्हणजे आता जुना कोड सगळीकडे जागा झाला. बाजार उघडायच्या आधीच त्यांच्या सिस्टमने त्या पॉवर पेगचं नाव असलेल्या ९७ ईमेल पाठवल्या होत्या, कोणी त्याला इशारा म्हणून बघितलंच नाही. यातला प्रत्येक तुकडा आपल्या ऑफिसात सापडेल, जुना फ्लॅग, मेलेला कोड, एका सर्व्हरवर राहून गेलेला बदल, कोणी न वाचणारे ईमेल.

दुसरी क्राउडस्ट्राइक या सायबर सुरक्षा कंपनीची, ही आपल्याकडे सगळ्यांनी अनुभवलीये. १९ जुलै २०२४ ला सकाळी आपल्या वेळेने ९ वाजून ३९ मिनिटांनी त्यांनी एक फाइल जगभर पाठवली. प्रोग्रॅम बदलला नव्हता, फक्त काय शोधायचं त्याची माहिती बदलली होती, म्हणजे तुमच्या मॅनेजरांच्या भाषेत सेटिंगच. त्यात २१ फील्ड धरलेली होती आणि मशीनवरच्या प्रोग्रॅममधला कोड २० च देत होता. मायक्रोसॉफ्टच्या अंदाजाने ८५ लाख विंडोज मशीन निळ्या पडद्यावर अडकली, आपल्या विमानतळांवर हाताने बोर्डिंग पास लिहून द्यावे लागले. फाइल ७८ मिनिटांत मागे घेतली तरी पडलेली मशीन एकेक करून उठवावी लागली. मला यात सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते हे, की ज्या कंपन्यांनी मुद्दाम ‘आम्हाला सॉफ्टवेअर एक व्हर्जन मागे ठेवा’ असं सेटिंग केलं होतं त्याही पडल्या, कारण तो सावधपणा फक्त कोडला लागू होता, असल्या फाइलींना नाही. तुमच्या कंपनीत आज तेच चाललंय.

मॅनेजरांकडे सगळं एकदम मागू नका. पहिलं हे मागा की सीक्रेट सोडून बाकी कॉन्फिग गिटमधे येईल आणि दुसऱ्या कोणाच्या तरी नजरेखालून गेल्याशिवाय बदलणार नाही. दुसरं, बदल आधी एकाच सर्व्हरवर, दहा-पंधरा मिनिटं एरर रेट बघून मग बाकीच्यांवर. तिसरं, बदल करणाऱ्याने जुनी व्हॅल्यू त्याच तिकिटात लिहायची, रात्री परत फिरवणाऱ्याला शोधत बसायला लागू नये. एनजिनएक्स असेल तर रीलोडच्या आधी ‘एनजिनएक्स डॅश टी’ मारायची सवय सगळ्यांना असते, तीच सवय आपल्या सर्व्हिसला लावा, कॉन्फिग फक्त तपासून बाहेर पडणारी एक कमांड लिहा आणि ती पाइपलाइनमधे घाला. अर्थात ती कमांड चुकीचा पोर्ट नंबर पकडणार नाही, म्हणूनच एका सर्व्हरवर आधी.

ताई मी इंजिनीअरिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे. रिॲक्ट प्रोजेक्टमधे पेमेंटच्या कीज डॉट एन्व्ह फाइलमधे ठेवल्यात आणि ती गिटइग्नोरमधे आहे. एवढं पुरे ना?
— विद्यार्थिनी, कोल्हापूर

नाही गं, इथे नाही पुरत. रिॲक्ट ब्राउझरमधे चालतं. तू व्हीट हे बिल्ड टूल वापरत असशील तर त्या फाइलमधली ‘व्हीट अंडरस्कोर’ अशी सुरुवात असलेली आणि तुझ्या कोडने वापरलेली प्रत्येक व्हॅल्यू बिल्डच्या वेळी जावास्क्रिप्टमधे सरळ छापली जाते, मग ती फाइल साइट उघडणाऱ्या प्रत्येकाच्या मोबाइलवर जाते. खात्री करायची असेल तर बिल्ड कर आणि तयार झालेल्या फोल्डरमधे कीची पहिली सहा-सात अक्षरं सर्च कर, सापडतील.

रेझरपेचं उदाहरण घे, तिथे की आयडी आणि की सीक्रेट असे दोन भाग असतात. की आयडी ब्राउझरमधे गेला तर चालतं, तो त्यासाठीच आहे. की सीक्रेट फक्त सर्व्हरवर, ऑर्डर तयार करणं आणि पेमेंटची सही तपासणं तिथेच. प्रोजेक्ट टेस्ट मोडमधे असला तरी हे आत्ताच बरोबर करून ठेव, कारण पुढे लोक प्रोजेक्टचाच कोड उचलून कामात वापरतात. आणि ते सीक्रेट एकदा बिल्डमधे जाऊन कुठे होस्ट झालं असेल तर नवीन काढून घे.

हॉटेल बुकिंगची सर्व्हिस आहे. रात्री बाराचा रिपोर्ट पहाटे साडेपाचला निघतो. टाइमझोन आयएसटी दिला तर काही ठिकाणी साडेतीन तासांचा फरक पडायला लागला. हे काय प्रकरण आहे?
— वाचक, पणजी

साडेपाच तासांचं सोपं आहे, क्लाउडचे सर्व्हर बहुतेक यूटीसीवर, म्हणजे जागतिक प्रमाण वेळेवर असतात. साडेतीनचं कारण असं की आयएसटी हे नाव भारताचंही आहे आणि इस्रायलचंही, आणि पोस्टग्रेस डीफॉल्टला इस्रायल धरतो. इस्रायलची प्रमाण वेळ यूटीसीच्या दोन तास पुढे, आपली साडेपाच, फरक साडेतीन. म्हणून कॉन्फिगमधे कुठेही आयएसटी लिहू नका, पूर्ण नाव द्या, एशिया स्लॅश कोलकाता.

त्याहून बरं म्हणजे सर्व्हर आणि डेटाबेस यूटीसीवरच राहू द्या, आणि ‘व्यवसायाचा टाइमझोन’ असं वेगळं सेटिंग करा, रिपोर्टचा दिवस कुठे सुरू होतो कुठे संपतो ते त्यावरून ठरू द्या. परदेशातलं हॉटेल घेतलंत तर तेवढंच बदलेल. रिपोर्ट कुबरनेटिसच्या क्रॉनजॉबवर असेल तर त्यात टाइमझोनची वेगळी जागा आहे, १.२७ पासून पक्की झालीये, ती भरा. आणि अल्पाइन या छोट्या लिनक्सची इमेज असेल तर त्यात टाइमझोनचा डेटा मुळात नसतोच, टीझेड व्हेरिएबल दिलं तरी एरर न देता गुपचूप यूटीसीच राहतं, टीझेडडेटा पॅकेज इमेजमधे घालावं लागतं. घातल्यावर कंटेनरमधे शिरून डेट कमांड मारा आणि भिंतीवरच्या घड्याळाशी ताडून बघा.